पालीच्या तिठ्यावरून दिसणारे स्टेडियम

१३ डिसेंबर २०२५ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियममध्ये लिओनेल मेस्सी या अर्जेंटिनाच्या फुटबॉलपटूला पाहावयास जमलेल्या प्रेक्षकांनी खुर्च्या आणि पाण्याच्या बाटल्या मैदानात फेकल्या. हजारो रुपयांची तिकिटे काढून आलेल्या या मंडळींच्या वाट्याला अल्पकाळचे दर्शन आले होते, आणि तेही मान्यवरांच्या गराड्याआडून. दुसऱ्या दिवशी मुंबईला वानखेडे स्टेडियमवर हाच सोहळा विनाविघ्न पार पडला. कोलकात्याच्या गोंधळाची चर्चा झाली हे योग्यच झाले. परंतु मुंबईच्या सुरळीतपणाचाही थोडा विचार व्हावयास हवा होता. जगातल्या सर्वांत नामवंत फुटबॉलपटूचे स्वागत महाराष्ट्राने केले ते क्रिकेटसाठी बांधलेल्या मैदानावर, आणि त्या दिवशी तेथे ज्याला खऱ्या अर्थाने सामना म्हणता येईल असे काही नव्हते.

या घटनेच्या आधी काही दिवस, २६ नोव्हेंबरला, २०३० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांचे यजमानपद अहमदाबादला मिळाले. २०३६ च्या ऑलिंपिकची आकांक्षाही लपून राहिलेली नाही. म्हणजे येत्या दशकात या देशात स्टेडियमे बांधली जाणार, जुनी पाडली वा वाढविली जाणार, आणि त्यांतला मोठा खर्च सार्वजनिक तिजोरीतून होणार, हे उघड आहे. अशा वेळी किती आसने, किती कोटी, किती उंच दिवे, एवढेच आकडे लोकांसमोर येतात. ज्याच्यासाठी हे सारे उभारावयाचे, तो प्रेक्षक प्रथमच तेथे जातो तेव्हा त्याला काय पडते आणि काय मिळते, हा हिशेब सहसा कोणी मांडत नाही.

तो मांडण्यासाठी रत्नागिरी तालुक्यातले पाली हे गाव सोयीचे आहे. मुंबई-गोवा महामार्ग हातखंब्याहून पालीला येतो आणि लांज्याकडे वळतो. येथूनच दुसरा रस्ता नाणीज, साखरपा, आंबा घाट असा चढून कोल्हापूरला जातो. कोकणी बोलीत ज्याला तिठा म्हणतात तसे हे गाव. फुटबॉलच्या दृष्टीने पाहिले तर या तिठ्यावरून निघणारी प्रत्येक वाट एका स्टेडियमपाशी जाऊन पोचते. उत्तरेला सव्वातीनशेहून अधिक किलोमीटरांवर नेरूळचे डी. वाय. पाटील स्टेडियम, दक्षिणेला सुमारे अडीचशे किलोमीटरांवर मडगावनजीकचे फातोर्डा, आणि पूर्वेला शंभरावर थोड्या किलोमीटरांच्या अंतरावर कोल्हापूरचे राजर्षी शाहू स्टेडियम.

कोकण हा काही फुटबॉलचा मुलूख नव्हे. येथे कबड्डी आणि क्रिकेट. तरीही १९८६ ची मेक्सिकोतली विश्वचषक स्पर्धा दूरदर्शनवर पाहिलेली एक पिढी गावोगाव आहे, तिची मुले युरोपातल्या क्लबांची नावे घडाघडा सांगतात, आणि त्यांच्याही आधी मुंबईच्या कूपरेज मैदानावर मफतलाल, टाटा यांच्या संघांचे सामने पाहून आलेले चाकरमानी होते. कूपरेजला रोव्हर्स चषकाचे सामने होत. ती स्पर्धा १८९१ पासूनची. चालू शतकाच्या आरंभी ती बंद पडली. गिरणी वा कचेरी सुटल्यावर पायी वा ट्रामने, पुढे लोकलने, मैदान गाठता येई, हे त्या काळातल्या प्रेक्षकाचे मोठे भाग्य होते. आज पालीत राहून फुटबॉलवर जीव लावणारा शिक्षक, कारकून किंवा महाविद्यालयीन विद्यार्थी याला हे भाग्य नाही. त्याचे स्टेडियम पडद्यावर असते.

असा प्रेक्षक प्रथमच नेरूळला जावयाचा म्हटला तर त्याचा प्रवास कसा होईल ते पाहू. पालीहून एस. टी.ने रत्नागिरी स्थानक, तेथून कोकण रेल्वेची रात्रीची गाडी, पहाटे पनवेल, मग हार्बर मार्गाची लोकल. सामना संध्याकाळचा, म्हणजे मधला दिवस नातेवाइकाकडे किंवा फलाटावर काढावयाचा. सामना संपल्यावर पुन्हा पनवेल गाठून मध्यरात्रीच्या सुमाराची गाडी. दोन रात्री गाडीत, एक दिवस परगावी, आणि परतल्यावरचा अर्धा दिवस झोपेचा. नोकरदाराच्या दोन किरकोळ रजा गेल्या. विद्यार्थ्याची दोन दिवसांची तासिका बुडाली. रोजंदारीवाल्याची मजुरी बुडाली. गाडीभाडे आणि दोन-तीन वेळचे खाणे यांत मिळविले तर सर्वांत स्वस्त आसनाचे तिकीट हा या साऱ्या खर्चातला अगदीच लहान भाग ठरतो.

अर्थशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकातलीच ही गोष्ट आहे. वस्तूची किंमत म्हणजे तिच्यासाठी जे जे सोडावे लागते ते सारे. परंतु स्टेडियमच्या बाबतीत धोरण ठरविणारे तिकिटाच्या दरालाच किंमत समजतात, आणि ‘सामान्य माणसाला परवडेल असे तिकीट’ ठेवले की आपले कर्तव्य झाले असे मानतात. तिकीट स्वस्त केल्याचा लाभ मुख्यतः त्याच शहरात राहणाऱ्याला होतो. ज्याचा नव्वद टक्के खर्च प्रवासात आणि बुडालेल्या दिवसांत आहे, त्याला तिकीट फुकट दिले तरी फार मोठा फरक पडत नाही. ‘राष्ट्रीय’ म्हणून बांधलेले मैदान राष्ट्राच्या पैशाने उभे राहते, पण त्याचा उपभोग एका महानगराच्या काही उपनगरांपुरता राहतो.

इतके करून तो आत शिरतो तेव्हा मात्र त्याला जे दिसते ते क्षुल्लक नाही. जिना चढून कठड्याशी आले की दिव्यांच्या झोतात एकदम उलगडणारी हिरवळ, चाळीस हजार माणसांचा एकाच श्वासात उठणारा आवाज, आणि पडद्यावर कधीच न दिसणारी, चेंडूपासून दूर चाललेली खेळाडूंची हालचाल. बचावफळी एका रेषेत कशी सरकते, गोलरक्षक सारखा कसा ओरडत असतो, हे कॅमेरा दाखवीत नाही. फुटबॉल हा अकरा जणांचा खेळ आहे, एका चेंडूचा नव्हे, हे पहिल्यांदा कळते ते अशा ठिकाणी. ज्या मुलाने आयुष्यभर कातळाच्या सड्यावर चेंडू लाथाडला, त्याला खरी हिरवळ प्रथम पाहण्याचा आनंद काय असतो, याचे मोल कोणत्याही ताळेबंदात मांडता येणार नाही. हा आनंद खोटा किंवा अनावश्यक आहे असे म्हणणारा टीकाकार खेळ जाणत नाही.

पण त्याला आणखीही एक गोष्ट जाणवते. खेळाडू लहान दिसतात. नेरूळचे मैदान क्रिकेटसाठी आखलेले लंबवर्तुळ आहे. फुटबॉलची आयताकृती सीमारेषा त्यात मध्यभागी बसविली की प्रेक्षक आणि खेळ यांच्यात मोकळी जागा उरते. पुण्याजवळच्या बालेवाडीत, दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये आणि सॉल्ट लेकमध्ये ही जागा धावपट्टीने व्यापली आहे. सर्व खेळांसाठी एकच स्टेडियम बांधण्याचा मोह काटकसरीचा वाटतो. त्याची किंमत रोज कोण देतो, हे पहिल्या रांगेत बसूनही शर्टावरचा क्रमांक न वाचता येणाऱ्या प्रेक्षकाला विचारावे.

‘राष्ट्रीय’ या विशेषणाचा इतिहासही या संदर्भात पाहण्यासारखा आहे. १९५१ मध्ये पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा दिल्लीला झाल्या, तेव्हा ब्रिटिश काळातले आयर्विन अ‍ॅम्फिथिएटर ‘नॅशनल स्टेडियम’ झाले होते. तेथेच पंडित नेहरूंच्या उपस्थितीत भारताने इराणला १-० ने हरवून फुटबॉलचे सुवर्णपदक मिळविले. गोल साहू मेवालालचा. पुढे ते स्टेडियम हॉकीचे झाले. १९८२ च्या आशियाई स्पर्धांसाठी नवे बांधले गेले, १९८४ मध्ये सॉल्ट लेक, १९८९ मध्ये फातोर्डा, १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बालेवाडी. यांतली बहुतेक बांधकामे स्पर्धेच्या तारखेमागे धावत झाली. एक स्पर्धा येते, कोट्यवधी रुपये मंजूर होतात, उद्घाटन होते. नंतर देखभालीचे पैसे मागावयाला कोणी गेले की फाइल हलत नाही, आणि पुढली स्पर्धा येईपर्यंत वास्तू वाट पाहते. बालेवाडीवर पुन्हा मोठा हात फिरला तो २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धांच्या वेळी. नेरूळचे स्टेडियम मात्र सरकारी नव्हे. एका खाजगी शिक्षणसंस्थेने ते २००८ मध्ये उभारले, आणि त्यावर आयपीएलचा पहिला अंतिम सामना त्याच वर्षी झाला. महाराष्ट्रात फुटबॉलचे जे सर्वांत मोठे सामने झाले, ते अशा उसन्या जागेत झाले आहेत.

२०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाकडे या दृष्टीने पाहावे. देशातल्या सहा केंद्रांवर ५२ सामने झाले आणि १३,४७,१३३ प्रेक्षकांनी ते पाहिले. या वयोगटाच्या स्पर्धेतला तो उच्चांक होता. सरासरी प्रत्येक सामन्याला सुमारे २५,९०० माणसे. स्पर्धेच्या आधी, १५ सप्टेंबरला, महाराष्ट्र शासनाने एकाच दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळविण्याचा उपक्रम राबविला. शाळाशाळांतून चेंडू पोचले. नेरूळला स्पेन आणि माली यांचा उपांत्य सामना झाला. परंतु भारताचे तिन्ही सामने दिल्लीला झाले. कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या संघात होता. त्याला विश्वचषकात पाहण्यासाठी कोल्हापूरकराला दिल्ली गाठणे भाग होते. अमेरिकेविरुद्ध ०-३, कोलंबियाविरुद्ध १-२, घानाविरुद्ध ०-४ असे ते सामने गेले, आणि जॅकसन सिंगच्या एका गोलाची आठवण तेवढी मागे राहिली.

या साडेतेरा लाखांचे पुढे काय झाले? पुढल्याच वर्षी, १ जून २०१८ रोजी, मुंबईत अंधेरीच्या मैदानावर भारताच्या राष्ट्रीय संघाने चिनी तैपेईला ५-० ने हरविले. सुनील छेत्रीने तीन गोल केले. ते पाहावयास हजर होते २,५६९ प्रेक्षक. छेत्रीने दुसऱ्या दिवशी चित्रफितीतून अक्षरशः हात जोडले. शिव्या द्यावयाला तरी मैदानावर या, अशा आशयाचे त्याचे आवाहन होते. केनियाविरुद्धच्या पुढल्या सामन्याची तिकिटे संपली. कर्णधाराच्या विनवणीने एक सामना भरला, दोन भरले. विनवणी हे काही मागणीचे कायम स्वरूप नव्हे. मुंबई सिटी या क्लबने २०१४ मध्ये नेरूळच्या भव्य स्टेडियमवर आरंभ केला आणि २०१६ पासून तो अंधेरीच्या कितीतरी लहान मैदानावर गेला. व्यवसायाचे गणित जाणणाऱ्यांनी दिलेला हा कौल शासनाच्या नियोजनकारांनी वाचावयास हवा होता.

मोठे स्टेडियम वर्षातून किती दिवस वापरात असते, हाच त्याच्या अर्थकारणाचा गाभा आहे. एखाद्या क्लबचे स्वतःच्या मैदानावर वर्षाला दहा-बारा सामने होतात. उरलेले साडेतीनशे दिवस गवताला पाणी द्यावे लागते, पहारेकऱ्याला पगार द्यावा लागतो, विजेची जोडणी चालू ठेवावी लागते. २०२५ मध्ये तर इंडियन सुपर लीगचा व्यापारी करार संपत आल्याने नेहमीच्या वेळी हंगामच सुरू झाला नाही. सामने ठरविणारी व्यवस्था अशी डळमळीत असताना आसनांची संख्या वाढविणे म्हणजे गिऱ्हाईक नसलेल्या पेठेत गोदाम बांधणे होय.

परदेशांतला अनुभव वेगळा नाही. रॉजर नोल आणि अँड्र्यू झिम्बालिस्ट या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखविले की, सार्वजनिक पैशाने बांधलेल्या स्टेडियमांमुळे त्या त्या शहराची भरभराट होते हा दावा टिकत नाही. त्याचे कारण साधे आहे. कुटुंबाचा करमणुकीवरचा खर्च ठरलेला असतो. तो सिनेमागृहातून स्टेडियमात सरकतो, वाढत नाही. ब्राझीलने २०१४ च्या विश्वचषकासाठी राजधानी ब्राझिलियात सत्तर हजारांहून अधिक आसनांचे स्टेडियम बांधले, जेथे पहिल्या श्रेणीचा क्लबच नव्हता. वर्षभरात त्याच्या आवारात बसगाड्या उभ्या राहू लागल्या. याच देशाने १९५० साली माराकाना बांधले होते. युरुग्वेविरुद्धच्या त्या प्रसिद्ध पराभवाला पावणेदोन लाखांच्या आसपास लोकांनी तिकिटे काढली होती, आणि मैदानाला लागून असलेल्या ‘जेराल’ नावाच्या उभ्याच्या जागेत अत्यल्प दरात गरीब माणूस उभा राही. २००५ मध्ये ही जागा काढून टाकण्यात आली. स्टेडियम अधिक सुरक्षित आणि सुखकर झाले यात शंका नाही. पण ज्याच्या आवाजासाठी ते जगात ओळखले जाई, त्याची जागा मात्र गेली.

उलट कोल्हापूरचे पाहावे. पालीहून सकाळची एस. टी. धरली तर आंबा घाट चढून दुपारपर्यंत तेथे पोचता येते आणि सामना पाहून त्याच रात्री घर गाठता येते. एक रजा, कदाचित रविवार असेल तर तीही नाही. शाहू स्टेडियमला ना वातानुकूलित कक्ष, ना भव्य छत. परंतु हंगामात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमी आणि शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब असे संघ उतरतात, तेव्हा पेठाच्या पेठा मैदानाभोवती गोळा होतात. तालीम म्हणजे मुळात कुस्तीचा आखाडा. राजर्षी शाहूंनी कुस्तीला जो आश्रय दिला त्यातून मल्ल तर घडलेच, पण पेठेपेठेत तरुणांना एकत्र बांधणारी संस्थाही रुजली. पुढे त्याच संस्थेने फुटबॉल उचलला. येथे प्रेक्षक आधी होता, संघ त्याच्याच गल्लीतला होता, स्टेडियम नंतर आले. फातोर्ड्याचेही तसेच. साळगावकर, धेंपो हे क्लब १९८९ च्या कितीतरी आधीपासून गोव्यात रुजले होते. पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळविणारा धेंपो २०१६ मध्ये राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडला; स्टेडियम जागच्या जागी उभे आहे.

कोल्हापूरचे चित्र निखळ गोड नाही, हेही सांगितले पाहिजे. पेठांच्या ईर्ष्येतून हाणामाऱ्या होतात, सामने थांबवावे लागतात, पोलिसांना मध्ये पडावे लागते. बाहेरगावाहून प्रथमच आलेल्या माणसाला, विशेषतः स्त्रियांना, तेथे सुखाने बसता येईल अशी व्यवस्था अपुरी आहे. ज्या खेळाला हजारोंनी माणसे जमतात, त्या खेळाडूला त्यातून स्थिर उपजीविका मिळत नाही. चांगला मुलगा पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीकडे वा परप्रांतीच्या क्लबकडे जातो. पण हे दोष दुरुस्त होण्याजोगे आहेत, आणि त्यांना लागणारा पैसा नव्या स्टेडियमच्या खर्चाच्या मानाने किरकोळ आहे. नसलेला प्रेक्षक निर्माण करणे मात्र कोणत्याही शासनाला साधलेले नाही.

तेव्हा महाराष्ट्रासमोरचा प्रश्न पन्नास हजारांचे की एक लाखाचे, असा नाही. शासनाने पैसा घालावयाचाच तर तो आधी सामन्यांवर घालावा. कोल्हापूर, पुणे, मुंबई, नागपूर यांच्याबरोबरच रत्नागिरी, सांगली, सोलापूर अशा गावांत फिरणारी राज्यपातळीची साखळी स्पर्धा, तिची हंगामाआधी जाहीर झालेली आणि न बदलणारी तारीखपत्रिका, आणि त्यासाठी तालुका क्रीडा संकुलांतली मैदाने खेळण्याजोगी ठेवण्याची वार्षिक तरतूद, इतके झाले तर पालीच्या माणसाला पहिला खरा सामना रत्नागिरीलाच पाहता येईल. मोठ्या स्टेडियमचा प्रस्ताव त्यानंतर यावा, आणि आलाच तर त्याच्या अहवालात तीन गोष्टी सक्तीने असाव्यात: वर्षातून किती दिवस त्यात सामने होणार, देखभालीचा खर्च कोणत्या खात्यातून येणार, आणि सामना संपल्यानंतर शेवटची गाडी किती वाजता सुटणार.

यांतल्या तिसऱ्या अटीला वास्तुशास्त्रज्ञ हसतील. पण रेल्वे आणि राज्य परिवहन यांच्याशी बोलणी करून सामन्याच्या रात्री एक जादा गाडी सोडणे हे छताच्या एका तुळईपेक्षाही स्वस्त काम आहे. कोकणात गणपतीला आणि शिमग्याला अशा जादा गाड्या दर वर्षी सुटतात. वेळापत्रक आखणारी माणसे तीच आहेत आणि मार्गही तोच आहे.